कशालाच न जोडलेला नॉब

“दादा, मला माझाच आवाज ऐकू येत नाही!” गायिका स्टेजवरून करवादली. मी माझ्या जुन्या, भरवशाच्या मिक्सरवरचा शेवटचा नॉब फिरवला. तो कशालाच जोडलेला नव्हता.

“आता?”

“हं, आता छान!”

मी लेकीकडे बघून डोळा मिचकावला. कलाकारांचं तोंड बंद करायची ही युक्ती मीच तिला शिकवली होती.

वायरी हल्ली तीच जोडते. मी डोळे मिटून तबल्याचा आवाज जरा दाबला, हार्मोनियमचा उचलला. मैफल रंगली.

मध्येच पेन्सिल पडली म्हणून वाकलो. मिक्सरच्या मागची सगळी सॉकेट रिकामी होती आणि त्यांत धूळ साचली होती. विंगेत उभी राहून लेक टॅबवरून सगळा आवाज सांभाळत होती.

टाळ्या संपल्यावर ती आली.

“बाबा, आज तबला काय सुरेख बसवलात!” म्हणाली, आणि गायिकेकडे बघून तिने डोळा मिचकावला.