गोबी पांढरी झाली की

“गोबी पांढरी झाली की जा,” विजयसिंह आबा म्हणाले, आणि सगळी बैठक हसली.

हसला नाही तो अजिनाथ. नेकनूरहून बहिणीला न्यायला आलेला. कपातला चहा तसाच. “आबा, आईच्या तोंडात घास ठरंना. ताईचंच नाव घेती सारखी. आज नेतो, लगेच माघारी आणून सोडतो.”

“आरं, मी कुठं न्हाई म्हणलो? चार माणसांत शब्द दिला की. परसात सुनबाईनंच लावलीय, तिच्याच हातानं तोडंल आन् जाईल. काम अर्ध्यावर टाकायची आपल्या घरात पद्धत न्हाई, पाव्हणं.”

आबांचा शब्द. त्यावर गाव पाच-पाच वर्षं थांबतं.

दाराआड त्याची बहीण सत्यशीला उभी होती. वाक्य जिभेवर आलं होतं.

आबा, ही गोबी पांढरी

तेवढंच. सुनेनं बैठकीत बोलायचं नसतं. उरलेला तुकडा गिळून ती परसात आली.

परस म्हणजे तीन बाजूंना भिंत आणि चौथीला स्वयंपाकघर. मधे तिचे दोन वाफे. हिरवेगार गड्डे. एकाच्या कडेच्या कळ्या सैल होऊन पिवळट दिसायला लागल्या होत्या. आज-उद्या तोडायलाच हवे होते.

मागून बायनाबाई आल्या. सासूबाई भाकरी थापता थापता उठलेल्या. हात मनगटापर्यंत पिठात.

“किती दिस लागत्याल गं, पांढरी व्हायला?”

“आत्याबाई, ही गोबी पांढरी”

“बोल की. हितं कोण हाय?”

“व्हतच न्हाई. ब्रोकोली हाय ही. हिरवीच असती. तशीच ठिवली तर पिवळी फुलं येतात, मग खायची बी राहत न्हाई.”

“ह्यांना ठावं हाय?”

“रोपं आबांनीच आणली. पुण्याच्या हाटेलात खाल्ली व्हती म्हणं. लई आवडली.”

बायनाबाई भिंतीकडं बघत राहिल्या. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी हलल्या नाहीत.

“मला उंबराचं सांगितलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “सासऱ्यानं. उंबराला फूल आलं की माहेरी जा. मी रोज झाडाखाली जाऊन वर बघायची. येडी.”

मग वाकल्या. सगळ्यांत मोठा गड्डा विळ्यानं तोडला. तो दहिवरानं ओला होता. दोन्ही तळवे त्यावर चोळले तसं पीठ धरलं. कमी पडलं म्हणून आत जाऊन परातीत लोळवून आणला.

बैठकीत त्या आजवर कधी आल्या नव्हत्या. डोक्यावर पदर, ओंजळीत गड्डा. आबांच्या पुढ्यात ठेवला. पीठ सतरंजीवर सांडलं.

“सुनबाईची गोबी पांढरी

झाली.”

कोणी हसलं नाही. आबांनी चार माणसांकडं पाहिलं. चारही माणसं गड्ड्याकडं पाहत होती. शेवटी म्हातारा धुळाजी खाकरला.

“झाली की, आबा.”

अजिनाथनं गाडीला किक मारली तेव्हा सत्यशीलाच्या हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती. गेट लावायला बायनाबाईच आल्या. कडीवर पाच बोटं उमटली, पांढरी.

आतल्या बाजूनं.