बुडायला हवा असलेला बर्फ

वाटाण्याएवढा बर्फ ग्लासात पडला, त्यानं एक गिरकी घेतली आणि तो ऐटीत तरंगू लागला.

ग्लासावर वाकलेला तरुण संशोधक मटकन खुर्चीत बसला. इतरांचा बर्फ खुशाल तरंगो, त्याचा बुडायला हवा होता. प्रश्न लग्नाचा होता. त्यानं मागणी घातली, तेव्हा शेजारच्या टेबलावरची ही संशोधक मान वर न करता म्हणाली होती, "तुझ्या त्या खड्यांनी जड पाणी वेगळं काढून दाखव. त्याचा बर्फ पाण्यात बुडाला की हो म्हणते."

तेव्हापासून तो हात धुऊन खड्यांच्या मागे लागला होता. गार पाण्यात दाबाखाली वायू सोडला की पाणी वायूच्या कणांभोवती पिंजरे बांधतं आणि त्यांचे पांढरे खडे होतात. साध्या पाण्यात जड हायड्रोजनचं जड पाणीही कणभर मिसळलेलं असतं; त्याला हे जरा कमी थंडीतही जमतं, म्हणून खड्यांत आधी तेच शिरतं. साधं मागे रेंगाळतं. खडे गाळायचे, वितळवायचे, की पुन्हा तेच. अख्खा विभाग त्याला 'नवरदेव' म्हणून चिडवायला लागला होता.

"हरलो," तो म्हणाला. चेहरा एवढासा झाला.

ती ग्लासाकडे बघत होती. मग जी हसत सुटली, ती थांबेचना.

"अरे वेड्या, ग्लासात ओतलंस काय?"

त्यानं टेबलाकडे पाहिलं. घाईत हाताला लागली ती बाटली त्यानं रिकामी केली होती, शुद्ध जड पाण्याची! या खोलीत साधं पाणी कुणी भरून ठेवतच नसे. जड पाण्यात कुठलाही बर्फ तरंगणारच. म्हणजे निकाल अजून लागलाच नव्हता.

तो उठेपर्यंत तिनं बर्फ मुठीत घेतलासुद्धा. जड पाण्याचा थेंब सांडला तरी प्रयोगशाळा डोक्यावर घेणारी ती, तिनं अख्खा ग्लास बेसिनमध्ये उपडा केला, नळाखाली भरला आणि धडपडत परत आली.

"आधी तुझ्या ताईला फोन लाव. सांग, मी हो म्हटलंय."

"अगं, पण बर्फ टाकायचाय अजून!"

"लाव रे!"

ताई फोनवर आधी किंचाळली, मग रडली, मग दोघांनाही आळीपाळीनं बोलायला लावून तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. फोन ठेवून होणाऱ्या नवरीनं मूठ उघडली तेव्हा आत नुसतं पाणी होतं, आणि ते जड होतं की साधं, हे तपासायचं त्या दोन शास्त्रज्ञांपैकी एकालाही सुचलं नाही.