खोक्यांचा ओटा

"ते आयलंड की काय म्हणतात ना, तसा ओटा स्वयंपाकघरात मधोमध बांधीन म्हणते. बसेल का गं? रोज वावरणारी तू, तुलाच कळणार," घरमालकीण मावशी म्हणाल्या आणि मी हरखूनच गेले. नऊ वर्षं भाड्याने राहतोय, भिंतीत एक खिळा ठोकायचा तरी त्यांना विचारावं लागायचं!

सुताराने दिलेल्या मापाने मी जमिनीवर रिकामी खोकी मांडली आणि आठवडाभर त्यांना वळसे घालत स्वयंपाक केला. फ्रिजचं दार अडायला लागलं, तशी खोकी वीतभर खिडकीकडे सरकवली.

"घर त्यांचं आणि हौस तुला!" खोक्यांना अडखळून आपटलेला गुडघा चोळत नवरा कुरकुरला.

"वापरणार तर आपणच ना?" मी त्याला गप्प केलं.

रविवारी मावशी सुताराला घेऊन आल्या. मी दाखवलं तिथेच त्याने खडूने खुणा केल्या. मावशींनी कौतुकाने माझ्या पाठीवरून हात फिरवला.



"माझ्या लेकीला फार आवडेल हो हे, पुढच्या महिन्यात राहायलाच येतेय ती. आणि ही खोकी टाकू नकोस हं, तुला सामान बांधायला लागतील."