सही राहिलेलं चित्र

“हा लाल ठिपका माझा नाही,” बगदादचे वृद्ध चित्रकार चित्रावर वाकत म्हणाले.

शालननं नवऱ्याकडे पाहिलं. मस्कतच्या नोकरीत वीस वर्षं पोटाला चिमटा काढून नवरा-बायकोनं जमवलेल्या अरब चित्रांतलं हे पहिलं, सहीच करायची राहून गेलेलं. आज चित्रकारांनीच सही करायला नकार दिला, तर इतकं लाडकं चित्र बेवारस होणार होतं.

“रंग सांडला म्हण,” नवरा मराठीत पुटपुटला.

पण तिच्या जिभेवर खोटं येईना. “कुंकू आहे, उस्ताद. दसऱ्याला घरातल्या मोलाच्या वस्तूंना आम्ही लावतो. मीच लावलं.”

उस्ताद ठिपक्यावर पुन्हा वाकले.

“संग्रहालयवाले माझ्या चित्रांना नुसते नंबर चिकटवतात,” म्हणत त्यांनी पिशवीतून ब्रश काढला आणि ठिपक्याला धक्का न लावता शेजारी सही केली.