मास्तरांचा निळा

मास्तरांनी काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःच रंगवलेला चंद्राचा जुना फोटो स्क्रीनवर उघडला. उघडला मात्र, आणि दचकून मागे सरकले.

"अगं, हे काय! नीळ सांडली की काय याच्यावर?"

शेजारच्या टेबलाशी बसलेल्या धाकटीनं हातातलं काम थांबवलं. विभागात वयानं सगळ्यात लहान म्हणून ती धाकटी. आणि मास्तर काही खरे मास्तर नव्हते. चहा कसा ढवळावा इथपासून सगळं शिकवत सुटायचे, म्हणून मास्तर. त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू गेल्याच आठवड्यात काढला होता, डावा अजून व्हायचा होता. घरी पडून राहायचं सोडून स्वारी कामावर हजर, कारण त्या दूरच्या बर्फाळ चंद्राचा, यानानं सगळ्यात जवळून टिपलेला फोटो आज बाहेर जायचा होता. त्याला दुसऱ्या कुणी रंग दिलेला त्यांना खपला नसता.

यान फोटो पाठवतं ते राखाडी. एक लाल काचेतून काढलेला, एक हिरव्या, एक निळ्या. तिन्ही एकावर एक नीट बसवायचे आणि कुठला रंग किती ठेवायचा ते ठरवायचं, हे मास्तरांचं काम. इतर लोक त्यासाठी मोजमापं घेत बसायचे, मास्तर नजरेनं करायचे. त्यांच्या नजरेवर आजवर कुणी शब्द काढला नव्हता. त्यानंतर कडा कापून फोटो पुढे पाठवायचा, एवढंच धाकटीचं काम.

"स्क्रीन बिघडलाय का गं? का मी नसताना कुणी बटणांशी खेळलं?"

हो म्हटलं असतं तर सुटली असती. आता नवा डोळा होता, इथून पुढे मास्तर बरोबरच रंगवणार होते. मागचं मागे पडलं असतं. पण मास्तरांनी फोन उचलला होता आणि दुरुस्तीवाल्याची बिनपाण्यानं करायच्या तयारीत होते. आधीच हे फोटो छापणारा तो छापखानेवाला बिचारा दीड वर्ष फुकट शिव्या खात होता.

"ठेवा तो फोन, मास्तर. स्क्रीन ठणठणीत आहे."

मास्तरांनी फोन ठेवला. भिंतीवर हाच चंद्र मोठा छापून लावलेला होता. 'मळकट केलान मेल्यानं' असं छापखानेवाल्याच्या नावानं म्हणून ते रोज त्या चंद्राकडे पाठ करून बसायचे. आज ते उठून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. पांढराफटक बर्फ, त्यावर फिकट तपकिरी भेगा. त्यांनी उजवा डोळा मिटून पाहिलं, मग डावा मिटून पाहिलं.

"हा बरोबर आहे," ते म्हणाले. "छापखान्यात एवढी अक्कल कुठून आली?"

"छापखान्यात नाही. मी केलं."

"कधीपासून?"

"मोतीबिंदूनं तुम्हाला निळा कमी दिसायला लागला आणि फोटोत तुमचा निळा वाढायला लागला, तेव्हापासून. पुढे पाठवायच्या आधी उतरवायचे."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"वाटायचं ना! कितीदा तुमच्या टेबलापर्यंत आले, आणि चहा घेणार का विचारून परत गेले. सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून आलाच नसतात. मला ते नको होतं."

मास्तर आता चांगलेच संतापले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "म्हणजे नाव माझं आणि काम तुझं! लोक वाहवा करत होते, मी मान डोलवत होतो, आणि तू इथे बसून बघत होतीस. काय वाटत असेल गं तुला?"

"भीती," ती म्हणाली.

मास्तर जाग्यावर येऊन बसले. नवा फोटो उघडला, तिन्ही काचांचे थर एकमेकांवर बसवले, आणि डावा डोळा गच्च मिटून निळा हळूहळू खाली आणला. बराच वेळ काम चाललं. मग त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली.

"बघ. ठीक आहे?"

हा प्रश्न त्यांनी आजवर कुणालाही विचारला नव्हता. धाकटीनं आकडे काढले, पुन्हा एकदा तपासले.

"बरोबर आहे."

"का मला बरं वाटावं म्हणून?"

"नाही. आता तसं नाही करणार."

फोटो गेला. धाकटीला हायसंही वाटत होतं आणि रडूही येत होतं. कप धुवायचं निमित्त करून ती उठली. परत आली तेव्हा मास्तरांनी जुना निळा चंद्र पुन्हा उघडला होता. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून ते नुसत्या डाव्यानं एकटक त्याच्याकडे बघत होते.

"कसला शुभ्र बर्फ आहे गं हा," ते म्हणाले. "डाग म्हणून नाही कुठे."

ती जवळ उभी राहिली. तिला तर नुसता निळाच दिसत होता.

"डावा कधी करायचाय?" तिनं विचारलं.

"पुढच्या महिन्यात." त्यांनी हात काढला नाही. "मग माझ्या बाजूनं बोलायला कुणीच उरायचं नाही."