कुंकवाचं बोट

काल-परवापर्यंत धुळ्यात माझ्या पेढीशेजारी सरकी विकणारा झुंबरलाल! ब्याण्णव साली दुकान मोडून त्यानं जवळच्या नरडाण्यात लेथ टाकले आणि लष्कराला तोफगोळ्यांची पितळी टोपणं पुरवू लागला. बाजार त्याला ‘फौजी शेठ’ म्हणायला लागला, तसं माझं पोट दुखू लागलं. मी लष्कराच्या साहेबांना निनावी पत्र टाकलं, ‘माल कच्चा आहे.’

तपासणी झाली. एकही टोपण नापास झालं नाही. उलट साहेब ऑर्डर दुप्पट करून गेले.

झुंबरलाल पेढे घेऊन आला. साहेबांनी त्याला दिलेलं माझं पत्रही सोबत होतं.

“दलिचंदभाऊ, नाव घातलं नाहीत, पण काम फत्ते व्हावं म्हणून तुमच्या पेढीच्या रिवाजानं कोपऱ्यात कुंकवाचं बोट तेवढं लावलंत. मला फळलं!”