पहिल्या संघाची गोष्ट

अंकुर डाव्या हाताने फोन सरकवत उजव्या हाताने वरणभात कालवत होता, आणि मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखी त्याची आई मीनल समोर बसून विषय शोधत होती.

"कॅम्पवर जेवण बरं असतं का रे?"

"ओके ला." इथल्या पोरांच्या बोलण्याचं हे शेपूट, 'ला'.

"आणि झोप?"

"झोप पण ओके."

झालं. या आठवड्याची मुलाखत संपली. या परक्या देशात वाढलेल्या बाकीच्या पोरांसारखा अंकुरही सक्तीच्या लष्करी सेवेत गेला होता. शनिवारी घरी, हौगांग भागातल्या फ्लॅटवर यायचा, मेल्यासारखा झोपायचा, रविवारी दुपारी जेवायचा आणि संध्याकाळी बॅग उचलून परत कॅम्पवर. नवरा कामासाठी जकार्ताला, म्हणजे ताटं दोनच. आठवड्यातून एक जेवण तरी पोराने आपल्याशी बोलत जेवावं, एवढीच मीनलची इच्छा. एवढ्याशा इच्छेने बाईला पार वेड लावलं होतं.

म्हणून या खेपेला ती चक्क अभ्यास करून बसली होती. अंकुरच्या खोलीत अमेरिकन कॉमिक्सनी भरलेलं एक अख्खं कपाट होतं. लायब्ररीतून तिने त्यांच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ आणला आणि हार्बरफ्रंटच्या ऑफिसला जाता-येता एमआरटी मेट्रोत वाचून काढला. बारावीलासुद्धा तिने इतकी घोकंपट्टी केली नव्हती. खलनायक कोणत्या काळात नुसतेच दुष्ट होते, कोणत्या काळापासून त्यांच्या वाट्याला दुःखी बालपण आलं, सगळं तोंडपाठ.

"अंकुर, ते सुपरव्हिलनसुद्धा पुढे टोळी करून यायला लागले ना?"

"येस." मान काही वर झाली नाही.

"पण ती टोळी टिकायची नाही. प्रत्येकालाच म्होरक्या व्हायचं असायचं."

"येस, करेक्ट."

बरोबर उत्तर लिहून नापास होणं म्हणजे काय, ते मीनलला त्या दुपारी कळलं. हिरमुसून तिने कोशिंबीर वाढली आणि आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "साहजिकच आहे म्हणा. व्हिलनची टोळी आली, म्हणून तर हिरोंना संघ काढावा लागला."

अंकुरचा घास तोंडाशीच थांबला. "नो ला, आई! टोटली राँग!" फोन टेबलावर पालथा पडला.

"राँग कसं? पुस्तकात तर..." पुस्तकात तसं नव्हतंच. ते प्रकरण वाचताना सेरंगून स्टेशनच्या आसपास तिचा डोळा लागला होता.

"हिरोंचा संघ फर्स्ट. नाइन्टीन फॉर्टी. व्हिलनची टोळी सात वर्षांनी. कोण सांगतं तुला हे?"

आणि पोरगा बोलत सुटला. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, मध्येच एखादा 'ला'. सुरुवातीला हिरो कसे एकेकटे होते, मग सेन्सॉरचे नियम आले तेव्हा खलनायकाला प्रत्येक कथेत हरावंच कसं लागायचं, पुढे संघातले हिरोच सख्ख्या भावंडांसारखे कसे भांडायला लागले. ताटातला भात गार झाला, बोटांवरचं वरण वाळलं. एरवी मीनल "आधी जेवून घे" म्हणाली असती. आज ती श्वासही जपून घेत होती. किती महिन्यांनी हा आवाज या टेबलाशी ऐकू येत होता! तिला इतकं बरं वाटलं, की आता रडू फुटतं की काय अशी भीती वाटली.

"मग त्या पहिल्या संघाच्या पहिल्या अंकात हिरो लढले तरी कुणाशी?" तिने विचारलं.

"संघ म्हणून? कुणाशीच नाही. दॅट्स द फनी पार्ट. सगळे एका टेबलाभोवती बसले, आणि एकेकाने आपापली स्टोरी सांगितली. दॅट्स ऑल. अंक खलास."

"एवढंच?"

"एवढंच. बोरिंग ना?"

"मला नाही वाटत," मीनल म्हणाली. "मला तर असाच संघ हवाय. सोमवारपासून शनिवारची वाट बघते रे मी. तू येतोस आणि 'ओके ला' म्हणून जातोस. तूही सांग ना तुझी एखादी."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. लागलाय सूर तर लागू द्यायचा, मध्येच आपलं रडगाणं कशाला?

अंकुरची मान खाली गेली. तो ताटातल्या भातावर बोटाने रेघ ओढत राहिला.

"बोललं ना आई, की मग बुक-इन करणं, कॅम्पवर परत जाणं, डॅम हार्ड होतं," तो हळूच म्हणाला. "कॅम्पचं गेट आलं तरी तुझाच आवाज येत राहतो. सो आय डोन्ट टॉक."

पोराला आपली आठवण येत नाही, असं मीनल इतके महिने धरून चालली होती. तिने त्याच्या ताटात थोडा गरम भात वाढला, त्यावर दही घातलं.

त्याची निघायची वेळ होईपर्यंत टेबलावरून उठलं नाही कुणी.